घरात येणारं टपाल, पॅम्प्लेटं, बँकेची पाकिटं: काय ठेवायचं, काय टाकायचं?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा वाटेल पण मी खरंच टेकीला आलेय. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, माणसं चार, मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. आणि कागद किती म्हणाल तर शोकेसचा खालचा कप्पा भरलाय, टीव्हीखालचे दोन्ही ड्रॉवर भरलेत, फ्रिजवरची टोपली भरलीय आणि आता देवघराशेजारच्या खिडकीत पण गठ्ठा लागलाय. मुलाच्या शाळेची फी पावती शोधायला परवा दीड तास गेला आणि ती सापडली कुठे तर एका बिल्डरच्या चकचकीत ब्रोशरच्या आत.

येतं काय काय ते सांगते. रोज पेपरातून दोन-तीन पॅम्प्लेटं, मे-जून आला की क्लासेसची, दिवाळीत फर्निचर आणि सोन्याची, मध्येच दातांच्या डॉक्टरचं, निवडणुकीच्या दिवसांत तर विचारू नका. मग बँकेची पाकिटं, क्रेडिट कार्ड घ्या म्हणून, इन्शुरन्सची हप्त्याची आठवण, कंपन्यांचे ते जाडजूड वार्षिक अहवाल जे कोणी उघडत नाही, आधीच्या मालकांच्या नावाने येणारी पत्रं (घर घेऊन सहा वर्षं झाली तरी येतातच), आणि लग्नपत्रिका. पत्रिकांचा वेगळाच प्रश्न, प्रत्येकीवर गणपती, मग टाकायची कुठे? आमच्याकडे २०१७ पासूनच्या पत्रिका आहेत, खोटं नाही सांगत.

आता खरा विषय. सासरे जाऊन अडीच वर्षं झाली पण त्यांच्या नावाने टपाल येतच असतं. महिन्याला चार-पाच पाकिटं सहज. सासूबाई ती टाकू देत नाहीत. उघडत पण नाहीत. पाकीट आलं की पदराने पुसतात आणि शोकेसच्या खालच्या कप्प्यात नीट उभं लावून ठेवतात, बाबा ठेवायचे तसंच. मी एकदा कप्पा आवरायला काढला तर काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी जेवल्या नाहीत. त्यामुळे त्या कप्प्याला हात लावायचं मला धाडस होत नाही, आणि त्यात काही कामाचं असेल तर ही भीतीपण वाटते.

तर विचारायचंय असं की येणंच कमी करायला काही करता येतं का, आणि आलेल्यातलं काय किती दिवस ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना न दुखावता तो कप्पा कसा हाताळायचा. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

पारिजात

ताई, घरोघरी मातीच्या चुली. आमच्याकडे पण हेच होतं, आता बऱ्यापैकी आटोक्यात आलंय.

मला एकच गोष्ट कामी आली, कागद घरात टेकूच द्यायचा नाही. म्हणजे दाराशी चपलांच्या रॅकवर मी एक बुटाचा खोका ठेवलाय आणि त्याच्याखाली रद्दीची पिशवी. पेपर आला की चहा उकळेपर्यंत तिथेच उभं राहून झटकायचा, पॅम्प्लेट खाली पडतात ती सरळ पिशवीत. टेबलवर एकदा ठेवलं की ते पाहुणं होऊन बसतं. पाकीट असेल तर तिथेच फोडायचं, आतलं वाचायचं आणि तीनच निर्णय, पिशवी, खोका किंवा ज्याचं काम आहे त्याच्या हातात. खोका रविवारी रिकामा करायचा. आम्ही दोघं मिळून करतो, वीस मिनिटं लागतात.

पेपरवाल्याला सांगून पॅम्प्लेट बंद होतात का तर माझा अनुभव, नाही होत. पहाटे सेंटरवर पेपर लावतानाच ती आत घातली जातात, त्याचे त्यांना पैसे मिळतात, आणि सकाळी तीनशे घरं करणारा मुलगा तुमच्या एका घराचा पेपर वेगळा कुठे झटकत बसणार. त्याच्यावर राग काढू नका. पण सोसायटीत लेटरबॉक्समध्ये नाहीतर दाराच्या कडीत जी अडकवून जातात ती बंद होतात. आम्ही मीटिंगमध्ये विषय घेतला आणि वॉचमनला सांगितलं की पॅम्प्लेटवाल्याला वर सोडायचं नाही, एक गठ्ठा खालीच टेबलवर ठेवायचा, ज्याला हवं तो घेईल. आठवड्याने बघितलं तर गठ्ठ्याची चळत होती तेवढीच.

बँक, म्युच्युअल फंड, वीजबिल, मोबाईल, सगळ्यांना एका बैठकीत ईमेलवर टाका. एक शनिवार दुपार द्या. म्युच्युअल फंड आणि डिमॅटचं (शेअरचं ऑनलाइन खातं) जे एकत्र स्टेटमेंट येतं ना, त्यात तर सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, ऑगस्ट २०२४ पासून ईमेल हीच मूळ पद्धत केलीय, तरी कागद येत असेल तर बहुतेक तुमचा ईमेल नोंदलेलाच नाही किंवा जुना आहे. मात्र नवऱ्याच्या ऑफिसचा ईमेल देऊ नका, नोकरी बदलली की सगळं हवेत. घराचा असा एक वेगळा ईमेल काढा आणि पासवर्ड दोघांना माहीत असू दे.

आधीच्या मालकांच्या नावाचं पत्र न फोडता त्यावर ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असं लिहून पोस्टमनकाकांना परत द्यायचं. चार-पाच वेळा केलं की पाठवणाऱ्याला कळतं. आमच्याकडे वर्षभरात थांबलं.

सासूबाईंचं मी काही सांगत नाही, तिथे मला अनुभव नाही.

कागदकाम

मी शेअर रजिस्ट्रारच्या (कंपन्यांच्या वतीने शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या) ऑफिसात २२ वर्षं काम केलंय, म्हणजे तुमच्या त्या कप्प्यातली अर्धी पाकिटं जिथून निघतात तिथेच. म्हणून कळकळीने सांगतो, सासऱ्यांच्या नावाचं एकही पाकीट न उघडता रद्दीत घालू नका. सासूबाईंनी ती जपून ठेवलीत हे तुमच्यावर उपकारच आहेत असं समजा.

कारण सांगतो. आपल्या आधीच्या पिढीने ८० आणि ९० च्या दशकात शेअर घेतले ते कागदी सर्टिफिकेटवर. पाच-दहा कंपन्यांचे पंचवीस-पन्नास शेअर, घरी कोणाला फारसं सांगितलं नाही. लाभांश यायचा वॉरंटने (चेकसारखा कागद), ते वॉरंट बँकेत भरायचं राहिलं किंवा पत्ता बदलला. आता कायदा असा की लाभांश सलग ७ वर्षं कोणी घेतला नाही तर ते पैसे आणि ते शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. जाण्याआधी कंपनी ३ महिने आधी पत्र पाठवते आणि पेपरात जाहिरात देते. ते पत्र दिसतं कसं? साधं पांढरं पाकीट, खिडकीतून नाव दिसणारं, आत बारीक अक्षरात इंग्रजी. क्रेडिट कार्डाच्या ऑफरचं पाकीट त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं दिसतं.

माझ्या सख्ख्या मामांच्या घरी हे झालंय. मामा कळव्याला राहायचे. ते गेल्यावर घर रंगवायला काढलं आणि मामेभावाने दोन पोती कागद रद्दीवाल्याला दिले. तीन वर्षांनी मामी माझ्याकडे एक जुनी वही घेऊन आल्या, तिच्यात मामांच्या अक्षरात कंपन्यांची नावं आणि फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या नोंदीतला शेअरधारकाचा खातेक्रमांक. त्यातल्या एका कंपनीचे शेअर तोपर्यंत निधीत गेले होते. मिळतात परत, बुडत नाहीत, हे आधी सांगतो म्हणजे घाबरू नका. कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं आणि आयईपीएफ ५ नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. पण सर्टिफिकेट रद्दीत गेलेली, मग पोलिसात तक्रार, डुप्लिकेटची कागदपत्रं, वारसाचे कागद, मामींच्या सह्या. माझं आयुष्य त्याच कामात गेलं तरी मला पावणेदोन वर्षं लागली. तिसऱ्या खेपेला सही जुळत नाही म्हणून परत आलं तेव्हा मामी म्हणाल्या, हात कापतो रे आता, सही कुठून जुळणार. ते मी विसरलो नाही. ते एक पाकीट वेळेत उघडलं असतं तर बहुतेक वेळ वाचला असता.

म्हणून कप्पा उघडाल तेव्हा काय शोधायचं ते. फोलिओ नंबर किंवा डिमॅट नंबर असलेलं काहीही, ‘अनक्लेम्ड डिव्हिडंड’ किंवा ‘आयईपीएफ’ हे शब्द, केवायसी करा म्हणणारं पत्र (कागदी शेअरवाल्यांना पॅन, पत्ता, बँक खातं, सही हे सगळं नोंदवावं लागतं, एप्रिल २०२४ पासून त्याशिवाय लाभांश खात्यात जमाच होत नाही), एफडीची पावती, पॉलिसीचा मूळ बाँड, पोस्टाच्या बचतीचं काहीही. वार्षिक अहवाल सरळ रद्दीत घाला, पण आधी पहिलं पान आणि ज्या कागदावर पत्ता चिकटवलाय तो बघा, फोलिओ नंबर तिथेच असतो. तो वहीत उतरवून घेतला की जाड पुस्तकाचं काम संपलं. हल्ली तर ईमेल नोंदलेला नसेल त्यांना पुस्तकाऐवजी लिंक दिलेलं एक पत्र येतं. ते बारीकसं असतं म्हणून टाकू नका, त्याचा अर्थ त्या कंपनीत बाबांचे शेअर आहेत.

सासरे गेल्याचं कुठे कळवलंय का? जिथून पाकीट येतंय तिथे बहुतेक कळवलेलं नाही. डिमॅट किंवा म्युच्युअल फंड असतील तर १ जानेवारी २०२४ पासून अशी सोय आहे की एका ठिकाणी मृत्यूचा दाखला दिला की तिथून केवायसीच्या सामायिक नोंदीत लागतं आणि बाकीच्यांना कळतं. कागदी शेअरना मात्र प्रत्येक कंपनीच्या रजिस्ट्रारकडे वेगळं जावं लागतं, नावावर करून घ्यायचा फॉर्म आयएसआर ५. बँकेतल्या जुन्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे, १० वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी तिथे नावाने शोधता येतात.

म्हणजे येणारं टपाल थांबवायचा तुमचा पहिला प्रश्न आणि कप्प्याचा तिसरा प्रश्न, दोन्हीचं उत्तर एकच आहे. पाकिटं उघडा, कळवा, नावावर करून घ्या, टपाल आपोआप थांबेल.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असते. इथे तर टपालाचा पूर, रोज पेटी भरलेली. पण इथे थांबवायची सोय तरी आहे. क्रेडिट कार्डाच्या प्री-अप्रूव्ह्ड ऑफर येतात त्या ऑप्टआउटप्रीस्क्रीन नावाच्या साइटवरून ५ वर्षांसाठी बंद करता येतात, फॉर्म सही करून पोस्टाने पाठवला तर कायमच्या. बाकी जाहिरातींसाठी डीएमएचॉइस, कॅटलॉगसाठी कॅटलॉगचॉइस. मी तिन्ही केलं, दोन-तीन महिन्यांनी फरक पडला. फक्त ज्याच्यावर नाव नसतं, ‘करंट रेसिडेंट’ म्हणून येतं, ते कशानेच थांबत नाही, ते थेट रिसायकलिंगच्या डब्यात. आणि टपाल खात्याची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी म्हणून फुकट सोय आहे, पेटीत काय येणार त्या पाकिटांचे फोटो सकाळीच ईमेलवर येतात. आईबाबा सहा महिने इथे आले होते तेव्हा बाबांना ते फार आवडायचं, सकाळी आधी ते बघायचे.

भारतात कागदी टपालासाठी असं काही मला तरी सापडलं नाही. आईला मी १९०९ वर डीएनडी करून दिलं पण ते फक्त कॉल आणि मेसेजसाठी आहे, कागदाला नाही. त्यामुळे तिकडे पारिजात म्हणतात तसं एकेका ठिकाणी जाऊनच बंद करावं लागतं. माझी आई सांगलीला एकटी असते, कागदकाम यांचं वाचून मी आत्ताच तिला फोन केला, बाबांची पाकिटं कुठे आहेत विचारलं. माळ्यावर आहेत म्हणाली. दिवाळीत येतेय तेव्हा उतरवते.

ठाणे_वेस्ट

पारिजात यांचं बाकी सगळं पटलं पण पाकीट फोडून सरळ पिशवीत, हे नका करू. त्यावर नाव, पत्ता, कधी मोबाईल नंबर, कधी खात्याचे आकडे असतात आणि रद्दी दहा हातांतून जाते. मी पत्त्याचा तुकडा फाडून वेगळा बादलीत टाकतो, बादलीत पाणी, दोन दिवसांत लगदा होतो, तो कुंडीत. कुरिअरच्या पिशव्यांवरची लेबलं बरीचशी थर्मल कागदाची असतात, उष्णता लागली की काळी पडतात. बायको इस्त्री करायला बसली की मी ती गोळा करून देतो, वर साधा कागद ठेवून एकदा इस्त्री फिरवली की नाव-नंबर सगळं काळं. आधारची झेरॉक्स कुठे फिरताना दिसली तर ती मात्र हाताने बारीक फाडायची.

रद्दीबद्दल. पेपर वेगळा बांधा, बाकीचे कागद वेगळे. चकचकीत पॅम्प्लेट आणि प्लास्टिकचा थर असलेलं पेपरात मिसळलं की रद्दीवाला सगळ्याचाच भाव पाडतो, आणि ते बरोबरच आहे, त्याला पुढे निवडावं लागतं. पाकिटाच्या खिडकीचं प्लास्टिक ओढून काढायचं, एका झटक्यात निघतं. पुण्यात असाल तर स्वच्छ संस्थेच्या ताई सुका कचरा नेतात, त्यांच्या हाताला लागणारा कागद कोरडा असू दे एवढं बघा.

लग्नपत्रिका. आमच्या आईचा पण हाच हट्ट, गणपतीवर पाय पडता कामा नये. मी तिच्याशी वाद घालणं सोडलं. आता आषाढात एक दुपार ठरलीय, वर्षभराच्या पत्रिका काढायच्या, आई कात्रीने गणपती कापते, मी बाकीची पत्रिका रद्दीत घालतो. साध्या कागदाचे गणपती ती पाण्याच्या बादलीत सोडते, हात जोडते आणि तो लगदा तुळशीत नाही तर जास्वंदीच्या कुंडीत. प्लास्टिकचा थर असलेले विरघळत नाहीत, ते एका पाकिटात जातात, गणपतीच्या दिवसांत पुतणी मखरासाठी नेते. आणि दरवेळी आई पत्रिका उघडून वाचतेच, ही अमक्याची, हिला आता दोन मुलं. दुपार जाते पण घर मोकळं होतं.

एक राहिलं. पोस्टातून सही घेऊन येणारं पत्र नको म्हणून परत पाठवू नका. घ्यायला नकार दिला तरी कायद्याच्या दृष्टीने नोटीस पोचली असंच बहुतेक वेळा धरतात. आणि २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे नुसतं स्पीड पोस्ट लिहिलंय म्हणून ते जाहिरातीचं समजू नका.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण काहीतरी झालं की मगच लिहायचं असं ठरवलं होतं.

खोका ठेवला दाराशी, तो मुलाने ताब्यात घेतलाय, पॅम्प्लेट झटकायचं काम त्याचं. ईमेल काढला. नवऱ्याने चार ठिकाणी बदलला, दोन राहिलीत.

कप्प्याचं सांगते. कागदकाम काका, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, मामींच्या सहीपर्यंत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांचं टपाल ते स्वतः चाकूने फोडायचे, बोटाने नाही. आणि स्वयंपाकघरातून बटर लावायची बोथट सुरी घेऊन आल्या. गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी शोकेससमोर चटई टाकून बसलो. एकेक पाकीट त्या फोडायच्या, कागद मला द्यायच्या, मी वाचून सांगायचं, रिकामं पाकीट त्या परत दुमडून बाजूला ठेवायच्या. एकशे बारा पाकिटं निघाली. ऐंशीच्या वर नुसत्या जाहिराती आणि अहवाल. त्या त्यांनी स्वतःच्या हाताने रद्दीत घातल्या, मी काही बोललेच नाही.

तीन कंपन्यांचे फोलिओ नंबर मिळाले. एकाचं केवायसीचं पत्र तीनदा आलेलं होतं. एक एफडीची पावती, ती मात्र आधीच मोडलेली निघाली. आणि सासऱ्यांच्या एका जुन्या मित्राचं पोस्टकार्ड, ते गेल्यानंतर दीड महिन्याने आलेलं, तब्येत कशी आहे विचारणारं. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. सासूबाईंनी त्यांना त्याच रात्री पत्र लिहिलं, फोन नको म्हणाल्या.

सर्टिफिकेट अजून सापडली नाहीत. सासूबाई म्हणतात त्यांच्या ट्रंकेत असतील, ट्रंक दिराकडे बदलापूरला आहे. काका, सर्टिफिकेट मिळेपर्यंत आयएसआर ५ साठी बाकी काय जमवून ठेवू?

कागदकाम

फार बरं केलंत. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा आणि त्यावरचं सासऱ्यांचं नाव फोलिओवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतं का ते आजच बघा, निम्मी प्रकरणं तिथेच अडतात. सासूबाईंचा पॅन, आधार, त्यांच्या नावाचा कॅन्सल चेक, आणि त्यांचं स्वतःचं डिमॅट खातं नसेल तर आधी ते उघडा, शेवटी शेअर तिथेच जमा होणार. तिन्ही कंपन्यांच्या रजिस्ट्रारला सासूबाईंच्या सहीचं एक साधं पत्र पाठवून विचारा की या फोलिओत किती शेअर आहेत, दुसरं नाव कोणाचं आहे का, नॉमिनी कोण, आणि काही निधीत गेलंय का. दुसरं नाव सासूबाईंचंच निघालं तर काम खूपच सोपं. केवायसीचं पत्र तीनदा आलंय त्या कंपनीला पहिलं लिहा. आणि बदलापूरची ट्रंक शक्यतो रविवारी सासूबाईंना सोबत घेऊनच उघडा, कोणता कागद कशाचा ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवेल.